पहिली ते चौथीचा वर्ग: ओरडणं बंद केलं, मग पुढे काय?

खडूफळा

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आणली. छडी बहुतेक वर्गांतून गेली. पण तिच्या जागी काय ठेवायचं ते कलमात लिहिलेलं नाही, म्हणून त्या रिकाम्या जागी आवाज येऊन बसला. डस्टर टेबलावर आपटणं, ‘गप्प बसा’चा गजर, नाहीतर दाराबाहेर उभं करणं.

शिक्षकांच्या चर्चेचा हा धागा ‘नेमकं काय करायचं’ यासाठी आहे. हद्द अशी: पहिली ते चौथी, एका खोलीत २५ ते ४० मुलं, जिल्हा परिषदेची किंवा तशीच साधी शाळा. मिनिटं लिहा, वाक्यं लिहा, पायऱ्या लिहा. ‘मुलांना प्रेमाने समजवा’ हे उत्तर नको; चाळीस जण एकदम बोलत असताना प्रेम ऐकू जात नाही. ‘आमच्या वेळी गुरुजी…’ छापाच्या आठवणीही नकोत, त्यांचे धागे मुबलक आहेत.

सुरुवातीला तीन दुखणी: सगळे एकदम बोलतात, जागा सोडून फिरतात, आणि दर दोन मिनिटांनी ‘बाई, हा मारतोय’.

पाटीपेन्सिल

बहुतेक जण नियमांच्या तक्त्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. तक्त्यावर दहा नियम, त्यातले आठ ‘नका’ने संपणारे. मराठीत नकार शेवटी येतो. ‘व्हरांड्यात धावू नका’ म्हटलं की मुलाच्या कानावर आधी ‘व्हरांडा’ पडतो, मग ‘धावू’, आणि ‘नका’ पोहोचेपर्यंत ते निम्म्या वाटेवर असतं. त्याऐवजी ‘व्हरांड्यात चालत’. दोन शब्दांत काम झालं.

नियम तीनच पुरतात. एका वेळी एकजण बोलतो. हात स्वतःजवळ. वस्तू वापरली की जागेवर. बाकी सगळं नियमात न कोंबता रीतीत घालायचं. वही कशी काढायची, पाण्याला कसं जायचं, काम संपलं की काय करायचं, शू लागली तर कसं विचारायचं. पहिलीच्या मुलाला यातलं काहीच आपोआप येत नाही. बेरीज शिकवतो तसंच हे शिकवावं लागतं.

नमुना म्हणून वही काढण्याची रीत:

आधी चार गोष्टी सांगा: दप्तर उजव्या बाजूला, वही बाहेर, दप्तर बंद, हात वहीवर. मग तेच एक अक्षर न बोलता स्वतः करून दाखवा. नंतर एका मुलाला करायला सांगा आणि बाकीच्यांना विचारा, ‘काय काय दिसलं?’ मग सगळ्यांनी एकदम करायचं. कुठे चुकलं तर भाषण द्यायचं नाही, फक्त ‘पुन्हा एकदा, पहिल्यापासून’.

चुकीचं कसं दिसतं तेही दाखवायचं असेल तर ते शिक्षकानं स्वतः दाखवावं. मुलाला मुद्दाम चुकीचं करायला लावलं की वर्ग हसतो, आणि त्या पोराला तीच भूमिका कायमची चिकटते.

शाळा उघडल्यावर पहिले दहा दिवस, रोज दोन रीती, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस उजळणी. ‘अभ्यासक्रम मागे पडेल’ म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: दहा दिवस गुणिले पंधरा मिनिटं म्हणजे अडीच तास. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान ८०० अध्यापन तास कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. त्यातून अडीच तास जातात. ‘वह्या काढा रे’ म्हणत रोज दहा मिनिटं घालवली तर २०० दिवसांत तेहेतीस तास जातात.

मोठी_सुट्टी

शांततेच्या खुणेबद्दलही लिहा ना. टाळी वाजवणं, ‘एक-दोन-तीन’ म्हणणं हे सगळे करतात, पण आठवडाभरात त्याचं पाणी होतं.

पाटीपेन्सिल

पाणी होण्याची कारणं ठरलेली आहेत.

खूण एकदाच द्यायची. टाळीचा ठेका (दोन सावकाश, तीन जलद), मुलं तोच ठेका परत देतात, मग शिक्षकाचा हात वर. यानंतर तोंडातून शब्द काढायचा नाही. इथे नव्वद टक्के लोक घसरतात, कारण शांत व्हायला सात-आठ सेकंद लागतात आणि शिक्षकाला ते तासासारखे वाटतात. तिसऱ्या सेकंदाला ‘अरे, ऐकताय ना?’ निघालं की मुलांना कळतं, खरी सुरुवात अजून व्हायची आहे.

दुसरी चूक म्हणजे तीस जण गप्प झाले आणि चौघे बोलताहेत, तरी पुढे सुरू करणं. त्या चौघांकडे बघायचंही नाही, त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. वर्ग थांबतो, तेही थांबतात.

तिसरी म्हणजे वापर जास्त. एका तासिकेत खूण तीन वेळांपेक्षा जास्त लागत असेल तर दोष खुणेचा नाही, कामाचा आहे. मुलांना एक तर काम कळलेलं नाही किंवा ते संपलेलं आहे.

त्रिज्या

‘जागा सोडून फिरतात’ यावर एक जुना आणि फार गमतीचा अभ्यास आहे. अमेरिकेत १९६८ साली मॅडसन, बेकर, थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात बघितलं की शिक्षकांनी ‘खाली बस’ म्हणण्याचं प्रमाण वाढवलं तर उभं राहणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, कमी होत नाही. हुकूम सुटला की मूल त्या क्षणी बसतं, म्हणून शिक्षकाला वाटतं उपाय लागू पडला. पण उभं राहिलं की बाई आपल्याकडे बघतात, आपलं नाव घेतात, हेही मुलाला त्याच क्षणी कळतं. पुढे जेव्हा बसून काम करणाऱ्यांचं कौतुक वाढवलं, तेव्हा उभं राहणं घटलं.

त्याच मंडळींचा त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास नियम, दुर्लक्ष आणि कौतुक या तिघांची परीक्षा घेणारा. नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. चांगल्या वागण्याची दखल आणि बारीकसारीक गोष्टींकडे दुर्लक्ष ही जोडी लागली तेव्हा वर्ग बदलला.

आता कौतुक म्हणजे काय, तर ‘शाब्बास’ नव्हे. ‘शाब्बास’ हा शब्द इतका झिजला आहे की मुलाला तो शिक्षकाच्या श्वासासारखा वाटतो. जे दिसलं ते बोलायचं:

‘या ओळीतल्या पाच वह्यांवर तारीख लिहून झाली.’
‘राजूनं खोडरबर मागितला आणि मिळेपर्यंत थांबला.’
‘मागच्या गटात एकजण बोलतोय, तिघं ऐकताहेत.’

सुरात साखर नको. बातमी सांगतो तसं सांगायचं. आणि जो उभा आहे त्याच्याकडे न बघता त्याच्या शेजारच्या बसलेल्याबद्दल बोलायचं. बहुतेकदा दहा सेकंदांत तो बसतो. बसला की लगेच, ‘आता तुझंही सुरू झालं.’ हे दुसरं वाक्य विसरलं तर पहिलं टोमणा ठरतं.

घंटानाद

चार वेळा कौतुक तर एकदा रागावणं असं प्रमाण ठेवा म्हणतात ते खरं का?

त्रिज्या

चारास एक, पाचास एक असं सांगितलं जातं. आकड्याला पवित्र मानू नका, पण स्वतःचं प्रमाण एकदा मोजाच. पद्धत: टेबलावर दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके. नेमकी दखल घेणारं वाक्य बोललं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. तासिका संपल्यावर मोजा. ‘मी खूप कौतुक करतो’ म्हणणाऱ्यांच्या वाटीतही पहिल्या दिवशी दोन-तीनच निघतात. एक खबरदारी: मुलांना चिंचोक्यांचं गणित कळलं की ती ‘बाई, आता टाका’ म्हणून मागू लागतात. तेव्हा वाटी खडूच्या खोक्यामागे ठेवा.

रानजाई

वरचं सगळं मुलाला सूचना कळली आहे असं धरून चाललंय. नंदुरबारच्या पावरा वस्तीतली, मेळघाटातल्या कोरकूभाषक घरातली, डहाणू-तलासरीकडची वारली मुलं पहिलीत येतात तेव्हा पुस्तकी मराठी त्यांच्या कानाला नवी असते. ‘ऐकत नाही’ अशी नोंद झालेल्या मुलाला निम्म्या वेळा ‘कळलेलं नाही’.

यावर करण्यासारखं:

वर्गात रोज लागणारे दहा हुकूम निवडा. बस, ऊठ, थांब, ऐक, ये, दे, ठेव, उघड, रांग, पाणी. गावातल्या मोठ्या मुलीकडून किंवा अंगणवाडीताईंकडून ते घरच्या बोलीत विचारून देवनागरीत कार्डावर लिहून घ्या. पहिले दोन महिने दोन्ही भाषांत बोला, सोबत हाताची खूण. खूण कायम तीच ठेवायची. आज ‘थांब’ला पंजा आणि उद्या बोट असं नको.

आणि एका दमात एकच सूचना. ‘वह्या काढा, तारीख टाका, पान बारावरचं तिसरं उदाहरण लिहून घ्या आणि झालं की हात वर करा’ यात चार कामं आहेत. ही मराठी घरातल्या मुलालाही पेलत नाहीत. एक सांगा, पाच सेकंद थांबा, नजर फिरवा, मग दुसरं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास गायब होतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर वर्गाच्या रीती बसलेल्या असतात, यांना त्या माहीतच नसतात. पहिल्याच दिवशी ‘तुला एवढंही कळत नाही?’ ऐकायला मिळतं. ती मुलं आली की दोन दिवस सगळ्या वर्गाची रीतींची उजळणी घ्या, आणि दाखवायचं काम वर्गातल्या मुलांना द्या. आलेल्या मुलांना वेगळं काढून शिकवू नका.

घंटानाद

सगळं ठीक, पण द्विशिक्षकी शाळेचं काय? साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मंजूर. चार इयत्ता, दोन खोल्या, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, बीएलओची (मतदारयादीची) कामं. एका शिक्षकानं पहिली-दुसरी एकत्र धरली की एका इयत्तेला शिकवताना दुसरी बोंबलणारच. सात सेकंद थांबायला सांगता, इथे सात सेकंदांत दोघं खिडकीवर चढतात.

पाटीपेन्सिल

खिडकीवर चढतात कारण हात रिकामे असतात. जोडवर्गात गोंधळ शिकवताना कमी होतो, तो मधल्या फटीत होतो. दुसरीला दिलेलं लेखी काम चार मिनिटांत संपतं आणि पहिलीचं तोंडी काम पंधरा मिनिटं चालतं. मधली अकरा मिनिटं खिडकीची.

दोन गोष्टी करा. तोंडी कामाचा तुकडा दहा-बारा मिनिटांपेक्षा लांब ठेवू नका आणि लेखी काम त्याच्या दीडपट द्या. दुसरं, ‘काम संपलं की’ हा कोपरा कायम तयार ठेवा. भिंतीवर तीन चित्रं: गोष्टीचं पुस्तक, चिंचोके-खडे मोजून दहाचे गठ्ठे, पाटीवर चित्र. तीनच, आणि वर्षभर तीच. रोज नवं काढलंत तर मुलं ‘बाई, हे कसं करायचं?’ विचारत पहिलीच्या मधोमध येतील. ‘विचारायचं कुणाला’ हेही ठरवा: आधी शेजारी, मग गटप्रमुख, मग बाई.

बसण्याची रचना अशी ठेवा की दोन्ही इयत्तांची तोंडं दोन वेगळ्या फळ्यांकडे असतील आणि शिक्षकाला मधून चालता येईल. खुर्ची काढून टाकली तर उत्तम. वर्गात फिरणारा शिक्षक निम्मं व्यवस्थापन पायांनी करतो.

सांगावा

मॉनिटरचा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही’ ही प्रथा आजच बंद करावी. बाई कार्यालयात गेल्या की आठ वर्षांच्या पोराच्या हातात खडू आणि सत्ता. मग ‘माझं नाव खोड, तुला बोरं देतो’ इथपासून जुने हिशोब चुकते करण्यापर्यंत सगळं त्या फळ्यावर होतं. बाई परत येऊन न बघितलेल्या गोष्टीची शिक्षा देतात. वर्ग यातून काही शिकत असेल तर वशिला.

त्याऐवजी कामं वाटा. पाण्याच्या टाकीचं झाकण, फळा पुसणं, चपलांची रांग, पट मोजून फळ्यावर लिहिणं, वह्या गोळा करणं, झाडांना पाणी, पुस्तकपेटी. प्रत्येक काम एका कार्डावर, कार्डाखाली चिमट्याला नाव, दर सोमवारी चिमट्यांवर पटातली पुढची नावं. पस्तीस मुलांना बारा-चौदा कामं काढली तर तीन आठवड्यांत प्रत्येकाला एक मिळतं. सर्वांत खोडकर मुलाला ‘सुधारेल’ म्हणून कायमचा मॉनिटर करणं हाही उपाय नव्हे. बाकीच्यांना त्यातून मॉनिटर व्हायचा रस्ता दिसतो.

चिमटे फिरताना एक बघा: झाडणं मुलींकडे आणि कार्यालयात निरोप नेणं मुलांकडे असं तर होत नाही ना? आणि संडास साफ करणं शिक्षा म्हणून कुणालाही, कधीही नाही. ते काम कुणाच्या वाट्याला जातं याला आपल्या गावांत अर्थ असतो, आणि मुलांना तो चौथीच्या आतच कळतो.

मोठी_सुट्टी

+१. आता चांदण्यांच्या तक्त्यावर बोला. प्रत्येक मुलाचं नाव, पुढे चांदण्या. निम्म्या शाळांत लावलेला असतो.

त्रिज्या

तो तक्ता दोन महिन्यांनी जाऊन बघा. वरच्या सहा नावांपुढे चांदण्यांची रांग, खालच्या पाच नावांपुढे कोरी जागा. ज्यांना चांदण्यांची गरज नव्हती त्यांना मिळाल्या, ज्यांच्यासाठी लावला त्यांची फजिती भिंतीवर टांगली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आलेले पालकही ती वाचतात.

आधीच आवडणाऱ्या गोष्टीला बक्षीस लावण्यात आणखी एक धोका आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळालं त्यांच्यात ही घट दिसली नाही. तेव्हा वाचायची गोडी असलेल्या मुलाला ‘पुस्तकामागे एक चॉकलेट’ लावू नका.

गटाला मिळणारं बक्षीस मात्र वेगळं काम करतं. १९६९ मध्ये कॅन्ससमधल्या एका चौथीच्या वर्गात ‘चांगल्या वागणुकीचा खेळ’ पहिल्यांदा करून बघितला गेला. वर्गाचे दोन संघ, नियम मोडला की संघाच्या नावापुढे खूण, खुणा कमी असलेला संघ जिंकतो; आणि दोघांच्याही खुणा ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिल्या तर दोघंही जिंकतात. पुढे १९८० च्या दशकात बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत तो मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला गेला.

आपल्याकडे असा खेळवता येईल: पस्तीस मुलांचे पाच गट, प्रत्येकात सातजण, खोडकर मुलं वेगवेगळ्या गटांत. आठवड्यातून तीनदा, सुरुवातीला फक्त दहा मिनिटं, तेही लेखी कामाच्या वेळी. मर्यादा चार खुणा. चारच्या आत असलेले सगळे गट जिंकले. बक्षीस फुकटातलं: पाच मिनिटं जास्त खेळ, आवडीचं गाणं. खूण करताना फक्त ‘गट तीन, जागा सोडली’ एवढंच, नाव न घेता, साध्या सुरात.

बिघडतं कुठे, ते लिहून ठेवा. दहा मिनिटांचा खेळ दिवसभर ताणला की मरतो. कालच्या खुणा आज मोजल्या की मागे पडलेला गट सकाळीच हात टेकतो. आणि एखादं मूल मुद्दाम गटाला बुडवतं. १९६९ च्या त्या वर्गातही ही अडचण आली होती. अशा मुलाला गटातून काढून त्याचाच एक वेगळा गट करायचा. हे जरूर करा, नाहीतर सुट्टीत गटातली पोरं त्याला गाठतात.

सांगावा

‘बाई, हा मारतोय’ राहिलंच.

तक्रारींचे दोन ढीग करा आणि मुलांना ते नावानिशी शिकवा. एक ‘आपलं आपण’, दुसरा ‘लगेच सांगायचं’. दुसऱ्यात: रक्त आलं, कुणी पडलं, कुणी फाटकाबाहेर गेलं, कुणी नकोसा स्पर्श केला, मोठं मूल पुन्हा पुन्हा त्रास देतंय. यातलं काहीही सांगणारं मूल चुगलखोर नाही, हे वर्गाला अनेकदा ऐकू गेलं पाहिजे. नकोशा स्पर्शाची गोष्ट आली तर वर्गात चौकशी करत बसायचं नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं ती कळवणं शिक्षकाला बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर हवा.

पहिल्या ढिगासाठी मुलाला तीन तुकड्यांचं वाक्य पाठ करून घ्या: ‘थांब. मला आवडलं नाही. माझी पेन्सिल दे.’ परिपाठानंतर जोड्या करून दोन-तीन मिनिटं सराव, आठवडाभर. मग तक्रार आली की शिक्षकाचा एकच प्रश्न: ‘तू त्याला सांगितलंस?’ नाही म्हटलं तर ‘जा, सांग, मी बघतेय.’ हे ‘मी बघतेय’ महत्त्वाचं. ते नसेल तर मुलाला वाटतं बाईंनी हाकललं.

दोघं तापलेले असताना समोरासमोर उभं करून ‘कुणी सुरू केलं?’ विचारू नका, उत्तर कधीच मिळत नाही. आधी दोघांना वेगवेगळ्या बाजूला पाणी प्यायला पाठवा, पाच मिनिटं जाऊ द्या. ‘सॉरी म्हण’ची सक्तीही नको. पाणी सांडलं तर पुसायला लावा, वही फाटली तर चिकटवायला बसवा.

आणि पेन्सिल. तक्रारी आठवडाभर मोजल्या तर निम्म्या पेन्सिल-खोडरबरच्या निघतील. टेबलावर एका डब्यात दहा पेन्सिली, चिकटपट्टीवर १ ते १० आकडे, दोन शार्पनर, चार खोडरबर. न विचारता घ्यायची, सुट्टीला परत. मॉनिटर रोज मोजेल असं नाही, ते ‘पेन्सिल डबा’ या चिमट्याचं काम. खर्च किरकोळ येतो आणि महिन्याच्या कित्येक भानगडी मिटतात.

खडूफळा

जेवणाच्या रांगेची ढकलाढकली यात धरायची का?

पाटीपेन्सिल

ती वागणुकीत धरूच नका, ते नळाचं गणित आहे. पस्तीस मुलं, एक नळ, हात धुवायला २० सेकंद: ७०० सेकंद, म्हणजे जवळजवळ बारा मिनिटं. खिचडीचा वास येतोय आणि बारा मिनिटं रांग. मोठी माणसंही ढकलतील. पाच फुटी प्लास्टिक पाइपला सहा भोकं पाडून टाकीला जोडला की सहा-सहाच्या सहा पाळ्या, अडीच-तीन मिनिटांत सगळ्यांचे हात धुऊन होतात. पाइप नाही तर दोन बादल्या, दोन मगे, पाणी ओतायला दोन मोठी मुलं. पुढच्या पाळीतल्यांना उभं करायला जमिनीवर चुन्यानं सहा पावलं काढा.

आणि शिक्षा म्हणून आहार उशिरा देणं किंवा शेवटी बसवणं नाही. तो मुलाचा हक्क आहे, बक्षीस नाही. मोठी सुट्टी कापणंही तसंच मूर्खपणाचं: जे मूल बसू शकत नाही त्याचं पळणं बंद करायचं आणि दुपारी ते बसेल अशी अपेक्षा ठेवायची.

रानजाई

एवढं सगळं करूनही वर्गात दोघं-तिघं उरतातच. त्यांच्यासाठी आणखी मोठा आवाज नको, एक वही हवी. पाच दिवस, चार रकाने: वेळ, आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. नमुना:

११:४० | फळ्यावरची उदाहरणं उतरवून घ्या म्हटलं | पेन्सिल फेकली | दाराबाहेर उभं केलं
१२:१० | गोष्ट सांगितली | ऐकलं, दोन उत्तरं दिली | –
२:२० | फळ्यावरून शुद्धलेखन | शेजारच्याला ढकललं | दाराबाहेर उभं केलं

तीन ओळींतच दिसतं: मूल फळ्यावरून उतरवून घेताना बिघडतं आणि दरवेळी त्यातून सुटतं. बाहेर उभं करणं ही शिक्षा नाही, तिकीट आहे. मग आधी डोळे. पुढच्या ओळीत बसवून वाचतं का बघा, कान तपासा. मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा हे नाव आधीच काढून ठेवा. तोवर फळ्याऐवजी तीन उदाहरणांचं कार्ड थेट हातात, आणि ‘मला मदत हवी’ सांगायला एक लाल खडा टेबलावर ठेवायचा. पळून सुटका मिळवण्यापेक्षा खडा ठेवून मदत मिळणं सोपं झालं की पेन्सिल उडणं कमी होतं.

मुलाचं वागणं लक्ष वेधण्यासाठी असेल तर दुर्लक्ष चालतं. पण पहिले तीन-चार दिवस ते वागणं वाढतं, कारण जुनं नाणं चालेना म्हणून मूल जोरात आपटून बघतं. नेमक्या त्याच दिवशी कंटाळून ओरडलात तर त्याला कळतं की इतकं जोरात आपटलं की चालतं. मारामारी, दगड, चढणं यांकडे दुर्लक्ष कधीच नाही.

सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही तर वही घेऊन तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या) विशेष शिक्षकांकडे जा. वही असली तर बोलणं दहा मिनिटांत मुद्द्यावर येतं. ‘फार खोडकर आहे’ यावर कुणालाच काही करता येत नाही. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीतही तेच: ‘खोडकर’ हा शेरा, ‘लेखी कामात पाच मिनिटांनंतर जागा सोडतो, तोंडी कामात पूर्ण वेळ बसतो’ ही नोंद.

घंटानाद

आणि पालकच म्हणाले, ‘गुरुजी, हाणा दोन, आमची काही हरकत नाही’ तर?

सांगावा

तसं म्हणतातच. त्यावर कायदा वाचून दाखवला तर त्यांना वाटतं मास्तर अंग काढून घेतोय. ‘मारल्यावर तो माझ्यासमोर गप्प बसेल, मी वळलो की पुन्हा सुरू. मला तो मी नसतानाही बसायला हवाय’ हे पटतं. पालकांची हरकत नसली तरी कलम १७ लागू असतंच, हे शिक्षकानं स्वतःच्या नोकरीसाठी लक्षात ठेवावं.

घरी जाणारा पहिला निरोप तक्रारीचा नको. रोज दोन मुलांबद्दल एक-एक ओळीची चिठ्ठी, ‘आज सईनं पडलेल्या मुलीला उचललं.’ चौतीसचा पट सतरा शाळेच्या दिवसांत पुरा होतो. वाचता न येणाऱ्या घरी फाटकाशी तोंडी. पालकांच्या मोबाइल गटावर मात्र कुणाच्या चुकीचा फोटो किंवा नाव टाकायचं नाही.

मोठी_सुट्टी

एक शेवटचा, पण कोकण-घाटातल्या शाळांचा खरा प्रश्न. पत्र्याचं छप्पर, जुलैचा पाऊस. टाळी ऐकूच येत नाही. शांततेची खूण काय द्यायची?

पाटीपेन्सिल

तिथे कानाची खूण सोडून डोळ्यांची घ्या. दीड हात काठीला लाल कापड, फळ्याशेजारी खिळ्याला. कापड वर गेलं की पहिल्या ओळीनं हात वर करायचे, त्यांचे हात दिसले की दुसऱ्या ओळीनं, असं शेवटपर्यंत. हे शाळा उघडल्या उघडल्या, कोरड्या दिवशी शिकवून ठेवायचं. पाऊस सुरू झाल्यावर शिकवायला जाल तर सूचनाच ऐकू जाणार नाही. आणि मुसळधार असेल तेव्हा तोंडी पाठ रेटू नका. ती अर्धी तासिका पाटीवरच्या कामाची.